पैलवान, इथं जोर लावायचा नसतो

पत्र थोडक्यात: पत्रलेखक कोल्हापूरचे आहेत. वय ५४, उंची पाच फूट दहा इंच, वजन ९८ किलो. तरुणपणी दहा-बारा वर्षं तालमीत गेली, तिशीत कुस्ती सुटली आणि तेव्हापासून गुळाच्या अडत दुकानात गादीवर बैठक. उजव्या गुडघ्याला कुस्तीतली जुनी दुखापत आहे. दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी वजन उतरवा आणि योगासनं सुरू करा असं सांगितलं. सुनेनं लगेच राजारामपुरीतला पहाटे सहाचा वर्ग शोधून नावही घातलं. ते लिहितात, “वर्गात पंधरा बायका आणि दोन पुरुष. मला मांडी घालून दहा मिनिटं बसवत नाही. वाकलो तर हात गुडघ्याच्या जरा खाली जातात. तालमीतल्या पोरांनी बघितलं तर काय म्हणतील? म्हणून ठरवलंय, तीन महिने घरीच मोबाईलवर बघून अंग मोकळं करायचं आणि मग जायचं. दोनदा भिंतीला टेकून शीर्षासन करून बघितलं, तर डोकं जड झालं आणि मान धरली. एकेकाळी पाचशे जोर मारणाऱ्याला हे का जमू नये? आणि मटण सोडावं लागतं का?”

---

नमस्कार पैलवान,

तालमीची माती लागलेल्या माणसाला कोल्हापुरात पन्नाशीनंतरही हीच हाक मारतात, तेव्हा मीही तीच मारते.

बाकीचं सगळं नंतर. शीर्षासन आजपासून बंद करा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यानं डोकं खाली, पाय वर असं कुठलंच आसन सुरुवातीला करायचं नसतं. त्यात शीर्षासन आलं, सर्वांगासन आलं आणि भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहणंही आलं. तुमच्या बाबतीत दुसरं कारण मानेचं आहे. कुस्तीत वर्षानुवर्षं डोकं जमिनीला टेकवून मानेवर पूल केला, समोरच्याचा भार मानेवर घेतला, तर मणक्यांमधल्या गाद्या पन्नाशीत तरुणपणीसारख्या राहिलेल्या नसतात. त्यावर ९८ किलोंपैकी बराच भार एकदम टाकलात. मान धरली आणि सुटली, तर तेवढ्यावर निभावलं म्हणा. पण खांद्यातून हाताकडे मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा हातातली पकड सैल वाटत असेल, तर वर्गाच्या आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता तुमच्या बेताकडे येते. ‘आधी अंग मोकळं करतो, मग वर्गाला जातो.’ निम्मे लोक वर्गाला कधीच पोचत नाहीत ते याच वाक्यामुळं. अंग आखडलेलं असणं ही वर्गाला न येण्याची सबब नाही, येण्याचं कारण आहे. तुमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी तुमच्या दंडाचा घेर मोजून तालमीत घेतलं होतं का? घरी मोबाईलवर शिकण्यात खरी अडचण वेगळीच आहे. पडद्यावरचा माणूस तुम्हाला दिसतो, पण त्याला तुम्ही दिसत नाही. पाठ गोल झाली, गुडघा आत वळला, दम कोंडला, तर सांगणारं कोणी नाही. आणि घरी एकटं असताना माणूस नेमकं तेच करतो जे सगळ्यात शेवटी करायचं असतं. तुम्ही शीर्षासनापासून सुरुवात केलीत, यात सगळं आलं. मोबाईलचा उपयोग आहे, पण तो दोन-तीन महिन्यांनंतर. वर्गात शिकलेलं घरी पंधरा-वीस मिनिटं उजळायला.

दुसरी गोष्ट तुमच्या ‘पाचशे जोर’ची. त्याचा फायदा आहेच. खांदे, मनगटं आणि मांड्या यांत अजून ताकद असणार. सूर्यनमस्कारात हातांवर भार घेताना शेजारच्यांचे हात थरथरतील, तुमचे थरथरणार नाहीत. अडचण पुढं येते. तालमीतल्या मेहनतीत शरीराला दोन सवयी लागतात, एक गतीची आणि दुसरी दम धरून जोर लावायची. आसनात दोन्ही उलट्या पडतात. हात पायांपर्यंत पोचत नाही म्हणून हिसका दिला, की मांडीमागचा स्नायू स्वतःला वाचवायला उलट आखडतो. जितका जोर तितका तो आवळणार. तोच स्नायू जिथं ताण जाणवू लागला तिथंच थांबून, वीस-तीस सेकंद शांत श्वास घेत राहिलात, की हळूहळू सैल सोडतो. आणि दम कोंडून ताकद लावली, की रक्तदाब त्या क्षणी एकदम वर जातो. पंचविशीत शरीर ते पचवतं. गोळी चालू असलेल्या माणसानं त्याची परीक्षा बघू नये.

पतंजलीची आसनाची व्याख्या एवढीच आहे, ‘स्थिरसुखमासनम्’. स्थिर राहता यावं आणि सुखानं राहता यावं. पुढच्याच सूत्राचा पहिला शब्द आहे ‘प्रयत्नशैथिल्य’, म्हणजे प्रयत्न सैल सोडणं. तुमच्यासाठी सगळ्यात अवघड आसन हेच असणार.

तिसरी अडचण तुम्ही एका ओळीत उरकलीत, पण पत्रभर तीच जाणवते. हा बायकांचा, हलक्या अंगाच्या लोकांचा व्यायाम आहे आणि पैलवानानं तिथं दिसणं बरं नव्हे. या समजाला इतिहासाचा काही आधार नाही. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू करणारे स्वामी कुवलयानंद आधी बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले होते. सूर्यनमस्कार घराघरांत पोचवण्यासाठी आयुष्यभर धडपडले ते आपल्या जवळच्या साताऱ्यातल्या औंधचे राजे, भवानराव पंतप्रतिनिधी. मल्लखांबावर तर आसनंच केली जातात. तालीम आणि योग ही एकाच वाड्यातली दोन दालनं होती, मधला दरवाजा नंतर बंद झाला. वर्गात आज बायका जास्त दिसतात, कारण ठरवलेल्या वेळेला जाऊन पोचण्याचं काम त्या करतात. पुरुष ‘बघू, हंगाम संपला की’ म्हणत बसतात. (तुमच्या पत्रात गुळाच्या हंगामाचा उल्लेख नाही, पण दिवाळीच्या आसपास तो येईलच.)

कोणी बघणारच नाही, अशी खोटी समजूत मी काढणार नाही. पहिल्या आठवड्यात दोघं-तिघं बघतील, आणि कोल्हापूर आहे, ओळखीचं कोणीतरी भेटून “काय पैलवान, तुमी हिकडं?” असं विचारणारच. “डॉक्टरांनी सांगितलंय” एवढं उत्तर पुरतं. दुसऱ्या आठवड्यात हा विषय जुना होतो.

तरीही सहाचा वर्ग नकोच वाटत असेल, तर बाकीचे रस्ते असे. पुरुषांची वेगळी तुकडी काही ठिकाणी असते, चौकशी करा. पण केवळ तेवढ्यासाठी चांगला शिक्षक सोडून दूरचा पकडू नका. रंकाळ्याच्या काठी किंवा बागेत जमणारे गट फुकट असतात, गप्पागोष्टी होतात, सकाळची हवा मिळते. पण पन्नास माणसांना माईकवरून सूचना देणाऱ्याला तुमचा उजवा गुडघा दिसत नाही. सहा महिन्यांनंतर तिथं जरूर जा. घरी शिक्षक बोलावणं महाग पडतं. पण गुडघा आणि मान दोन्ही अडचणीत असलेल्या माणसानं पहिल्या चार-पाच वेळा तसं केलं, तर पैसे वाया जात नाहीत. शिक्षक तुमच्यापुरते बदल ठरवून देतो आणि तेच घेऊन तुम्ही वर्गात बसता. माझं मत विचाराल तर सुनेनं शोधलेल्या वर्गालाच जा. मात्र पैसे भरण्याआधी एकदा जाऊन बघा, आणि भरलेत तर महिन्याचेच भरा, वर्षाचे नकोत.

शिक्षक कसा ओळखायचा? योगशिक्षकाची पदविका यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची असते, कैवल्यधामसारख्या संस्थांची असते, आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षाही असते. ते विचारायला लाजू नका. पण कागदापेक्षा एक प्रश्न जास्त सांगून जातो: “मला बीपी आहे आणि उजवा गुडघा पूर्ण मिटत नाही, मी काय करू नये?” समोरचा चार गोष्टी नेमक्या सांगेल, उलट तुम्हालाच दोन प्रश्न विचारेल, तर बसा. “काही होत नाही, योगानं सगळं बरं होतं, गोळीसुद्धा सुटेल” असं उत्तर आलं, तर नमस्कार करून बाहेर पडा. गोळी कमी करायची की नाही हे मोजमाप बघून डॉक्टर ठरवतील, आणि वर्गाच्या दिवशी सकाळची गोळी चुकवायची नाही. जाण्याआधी एकदा रक्तदाब मोजून घ्या. १८०/११० च्या घरात असेल तर आधी दवाखाना, वर्ग पुढच्या आठवड्यात.

आता तयारी. चटई, म्हणजे योगा मॅट, साधारण सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद येते. तुमच्या उंचीला सहा फूट जेमतेम पुरते, साडेसहाची मिळाली तर उत्तम. जाडी सहा मिलिमीटर घ्या. चारची गुडघ्याला बोचेल. दहा-बाराची गादीसारखी मऊ चटई दुकानदार मोठ्या अंगाच्या माणसाच्या गळ्यात मारतोच, पण तिच्यावर एका पायावर उभं राहिलं की घोटा डुगडुगतो. नवी चटई पहिले काही दिवस निसरडी लागते. ओल्या फडक्यानं दोन्ही बाजू पुसून सावलीत वाळवा, उन्हात टाकली तर लवकर तडकते. बरोबर एक जाड सोलापुरी चादर घ्या. तिचं काम पुढं सांगते. आणि एक हातरुमाल, कारण कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल्या पायांनी चटईवर उभं राहणं म्हणजे पडायचं आमंत्रण.

कपडे साधे. सैल सुती ट्रॅकपँट आणि अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट. हाफपँट नको, पाठीवर झोपून पाय वर घेताना तुम्हालाच संकोच वाटेल. टी-शर्ट लांब असेल तर आत खोचा, नाहीतर वाकल्यावर तोंडावर येतो. मोजे काढायचे. घड्याळ, गळ्यातली साखळी, कंबरेचा पट्टा, खिशातल्या किल्ल्या घरीच ठेवा. जाड करदोटा असेल तर पोटावर झोपल्यावर त्याची गाठ टोचते, ती बाजूला सरकवून घ्या.

पहाटे सहाच्या वर्गाला उपाशीपोटी जायचं. उठल्यावर पेलाभर पाणी, पोट साफ, आणि चहाशिवाय डोळे उघडत नसतील तर अर्धा कप, अर्धा तास आधी. संध्याकाळच्या वर्गाला जाणाऱ्यांसाठी हिशेब असा: पोटभर जेवणानंतर तीन ते चार तास, हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र उपाशी यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारावं आणि खिशात गुळाचा खडा ठेवावा. तो तुमच्याकडं कमी नाही.

पंधरा मिनिटं आधी पोचा. नवीन माणसानं वर्ग सुरू झाल्यावर धापा टाकत आत येणं कोणालाच सोयीचं नसतं, आणि ही पंधरा मिनिटं शिक्षकाशी बोलायला लागतात. काय सांगायचं? रक्तदाब, गुडघा, मान, आणि शीर्षासनाचा तो प्रयोगही, लाज न बाळगता. हर्निया, काचबिंदू, चक्कर, कंबरेची सरकलेली गादी, गेल्या वर्षभरातली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असलेल्या कोणीही ते आधी सांगावं. या प्रत्येकात काही आसनं वर्ज्य असतात. बायकांनी गरोदरपण सांगावं, अगदी दुसरा महिना असला तरी. शिक्षक अंगाला हात लावून आसन सुधारत असतील आणि तुम्हाला ते नको असेल, तर तेही याच वेळी सांगून टाका. चांगले शिक्षक विचारून मगच हात लावतात.

जागा कुठली धरायची? नवा माणूस मागच्या कोपऱ्यात दडतो. तिथून शिक्षक दिसत नाही, मग मान वळवून शेजाऱ्याकडं बघत राहायचं, आणि तुमची मान आधीच दुखरी. दुसऱ्या ओळीत, भिंतीच्या कडेला बसा. पुढच्याला बघता येतं आणि तोल गेला तर भिंतीला हात लावता येतो.

तासाभराच्या वर्गाचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सुरुवातीला पाच मिनिटं बसून ॐकार किंवा प्रार्थना. म्हणायची नसेल तर गप्प बसलं तरी चालतं. तुमची पहिली अडचण इथंच येते, मांडीची. सपाट जमिनीवर मांडी घातली की तुमचे गुडघे कमरेपेक्षा वर राहतात, कंबर मागं कलते, पाठ गोल होते आणि पाच मिनिटांत कमरेत कळ येते. दोष गुडघ्याचा नाही, खुब्याचा सांधा आखडलाय. आता ती सोलापुरी चादर काढा. चार-पाच घड्या घालून तीन-चार इंच उंच करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा. कंबर गुडघ्यांच्या वर आली की पाठ आपोआप सरळ होते. तेवढ्यानंही भागत नसेल तर खुर्ची मागा. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात पट्टे, लाकडी विटा, लोड, खुर्च्या वापरून शिकवण्याची जी पद्धत घडवली, ती आज जगभर चालते, तेव्हा खुर्चीला कमीपणा मानू नका. पद्मासनाच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्यात लागणारी फिरकी खुब्यातून यायला हवी. खुबा फिरला नाही की ती गुडघ्यातून येते, आणि गुडघा हा दरवाज्याच्या बिजागरीसारखा मिटतो-उघडतो, त्याला पीळ सोसत नाही.

मग दहाएक मिनिटं सांधे मोकळे करणं: मान, खांदे, मनगटं, कंबर, घोटे. तुम्हाला हे पोरखेळ वाटेल. उरकू नका. मान गोल फिरवायला सांगितली तर तुम्ही फक्त डावीकडं-उजवीकडं वळवा आणि खाली झुकवा. मागं टाकून गरगर फिरवणं तुम्हाला नको.

उभ्या आसनांत ताडासन, वृक्षासन, त्रिकोणासन हमखास असतात. वृक्षासनात एका पायावर उभं राहायचं असतं, तिथं उचललेला तळवा दुसऱ्या गुडघ्यावर टेकवायचा नाही, एक तर पोटरीवर किंवा वर मांडीवर. एक हात भिंतीला. त्रिकोणासनात हात जमिनीला लावायची शर्यत नसते, नडगीवर किंवा विटेवर ठेवला तरी आसन पूर्ण आहे. पुढं वाकायचं येईल तेव्हा गुडघे थोडे वाकवा आणि हात खुर्चीच्या बैठकीवर टेका. पाठ सरळ राहते आणि डोकंही हृदयाच्या फार खाली जात नाही. वर येताना झपकन उठू नका.

नंतर सूर्यनमस्कार, बहुतेक वर्गांत नवीन लोकांना तीन ते सहा. इथं तुम्ही चुकणार, हे आत्ताच सांगून ठेवते. ओळखीची चाल आली की अंगातला जुना पैलवान जागा होतो. शेजारीण दुसऱ्या नमस्कारात असताना तुमचे सहा झालेले असतात आणि छाती भात्यासारखी चालू असते. एका नमस्काराला निदान एक मिनिट लावा. पहिल्या दिवशी तीन पुरे. अष्टांग स्थितीत दोन पावलं, दोन गुडघे, दोन तळहात, छाती आणि हनुवटी टेकवायची. तिथं जोरासारखा सपाटून खाली-वर जायचा मोह आवरा. भुजंगासनात बेंबीपर्यंतचा भाग जमिनीवर, कोपरं जराशी वाकलेली, नजर समोर. मान मागं फेकायची नाही.

बसून करायच्या आसनांत गुडघे मिटून टाचांवर बसायचं वज्रासन तुमची परीक्षा घेईल. गुडघा पूर्ण मिटला की आतल्या गादीवर दाब येतो, आणि तुमची गादी जुन्या दुखापतीतली आहे. मांडी आणि पोटरी यांच्या मध्ये चादरीची जाड घडी, घोट्यांखाली टॉवेलची गुंडाळी, एवढं करूनही गुडघ्याच्या आत टोचलं तर पाय लांब करून दंडासनात बसा. सगळा वर्ग वज्रासनात असू दे.

पाठीवर झोपून पवनमुक्तासन येतं. नाव सार्थ आहे. आवाज झाला तर झाला. जुनी मंडळी ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

शेवटी शवासन, पाच ते दहा मिनिटं. हे सोपं वाटतं म्हणून कित्येक जण चटई गुंडाळून निघून जातात, आणि तुमच्यासारख्यांना त्याचीच सगळ्यात जास्त गरज असते. मानेखाली चादरीची पातळ घडी, गुडघ्यांखाली लोड. झोप लागून घोरलात तर शिक्षक पायाला हात लावून उठवतील, रोज कोणीतरी घोरतंच. महत्त्वाचं उठताना आहे. रक्तदाबाच्या गोळीमुळं आडव्याचं एकदम उभं झालं की डोळ्यांपुढं अंधारी येऊ शकते. कुशीवर वळा, पाच-सहा श्वास थांबा, हाताचा आधार घेऊन बसा, आणि मगच उभे राहा.

प्राणायाम काही वर्गांत शवासनाच्या आधी असतो, काहींत नंतर. अनुलोम-विलोम आणि भ्रामरी तुम्ही करा, मात्र श्वास रोखून धरायचा भाग, म्हणजे कुंभक, गाळून. कपालभाती आणि भस्त्रिका, म्हणजे झटक्याझटक्यानं जोरात श्वास मारायचे प्रकार, सुरू झाले की शांत बसून राहा. इथं वर्गातले शेजारी प्रेमानं आग्रह करतील, “करा हो, पोट उतरतं.” हसून सोडून द्या.

पोटाचं निघालंच आहे तर सांगते. पहिल्या सहा महिन्यांत आठवड्याला तीन तास संथ आसनं करून ९८ चे ८५ होत नाहीत. त्यासाठी रोज चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं भरभर चालणं आणि ताटातला भात-साखर-तेल यांचा हिशेब लागतो. मेहनत थांबल्यावरही खुराक चालू ठेवला, की पैलवानाचं वजन वाढतं. हे तुम्हाला माहीत आहेच. आसनांनी अंग सुटेल, कंबर सुधारेल, झोप बरी लागेल, रक्तदाबालाही थोडा हातभार लागेल. वजनाचा सगळा भार त्यांच्यावर टाकलात तर दोन महिन्यांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून वर्ग सोडाल.

वर्गात आपण बरोबर करतोय की नाही हे ओळखायची एकच खूण लक्षात ठेवा. नाकानं, आवाज न करता श्वास चालू आहे का? तोंड उघडलं, दम कोंडला, दात आवळले गेले, की एक पायरी मागं यायचं. जमतं त्याच्या साठ-सत्तर टक्क्यांवर थांबायचं. शिक्षक “अजून थोडं” म्हणाले तरी.

दुसऱ्या दिवशी अंग दुखेल. मांड्या, पाठ, बरगड्यांमधले स्नायू, दोन्ही बाजूंना सारखं, बोथट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त वाटून मग ओसरतं. तालमीत पहिल्या आठवड्यात दुखायचं तसलंच हे दुखणं, गरम पाण्यानं आंघोळ करून चालत राहा. सांध्याच्या आत, एकाच जागी, सुरीसारखी कळ आली, गुडघ्यावर सूज चढली, हातापायांत मुंग्या आल्या, तर ते वेगळं, तिथं वर्ग थांबवून तपासणी. आणि आसन करताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम यांपैकी काही झालं, तर ‘बसलो की बरं वाटेल’ म्हणत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

पहिला महिना एक दिवसाआड जा. मधल्या दिवशी चालणं. हंगामात पहाटेच्या सौद्यांमुळं सहाचा वर्ग बुडणार असेल, तर आत्ताच शिक्षकांना संध्याकाळची वेळ विचारून ठेवा, म्हणजे दिवाळीनंतर सबब उरत नाही.

राहिला मटणाचा प्रश्न. वर्गाच्या दारात कोणी ताट तपासत नाही. आहाराबद्दल योगपरंपरेचं म्हणणं सात्त्विकतेकडं झुकणारं आहे आणि काही शिक्षक आग्रहानं सांगतातही. ऐकून घ्या, पटेल तेवढं घ्या. मांसाहार करणारे असंख्य लोक वर्षानुवर्षं आसनं करतात. पण रविवारी रात्री दहाला तांबडा-पांढरा ओरपून सोमवारी सहाला भुजंगासन करायला गेलात, तर तो रस्सा अर्ध्या वाटेत परत भेटायला येईल. रविवारचं मटण दुपारी, रात्री आठच्या आत हलकं काहीतरी. रक्तदाबासाठी रस्स्यातलं मीठ आणि वरचा कट मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच. वर्गानंतर अर्ध्या तासानं खायला हरकत नाही. मिसळ रोजची नको. आणि कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाची जुनी सवय अजून असेल, तर तेही चटई गुंडाळल्यानंतर अर्ध्या तासानं, उकळून, एकच पेला.